चूण

पाणी फार प्यायला लागली तेव्हा आधी रागच आला.
उदगिरात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी नळ,
आणि भिंगरी एका दुपारी अर्धी बादली संपवून
रिकाम्या बादलीत पुन्हा तोंड घालते.
रत्नमाला म्हणाली, ऊन लई हाय.
मी म्हणालो, उन्हाचं नाही हे. कोपऱ्यात बघ,
ती जिथं मुतून उठली
तिथं मुंग्यांची रांग लागलीय.

जनावरांच्या कॉलेजात नंबर लावला.
पुढं पाय मोडलेली शेळी, मागं पोट फुगलेलं वासरू,
मधे मी, मांडीवर कुत्री घेतलेला शिंपी.
बिरादार मॅडमनी कानाच्या कडेचं थेंबभर रक्त घेतलं.
मशीनवर चारशे साठ.
"इन्सुलिन. दिवसातून दोनदा. जन्मभर."
मग माझ्या गळ्यातली टेप बघून हसल्या,
"तुम्हाला सोपं जाईल. मानेमागं कातडीची चूण घ्यायची,
ब्लाऊजला घेता तशी.
सुई चुणीच्या मुळाशी."

तेहेतीस वर्षं सुई चालवली मी,
पण ज्याला दुखत नाही त्याच्यात.

गल्लीत बातमी फिरली.
कुत्र्याला बी शुगर आस्तीय व्हय?
गिरजप्पा तर दुकानात येऊन बघून गेला,
जाताना म्हणाला, माझी गोळी मी रोज विसरतो,
हिचं मात्र बरंय.

आमच्याकडं फ्रिज नाही.
बाटली खलीलभाईच्या सोड्याच्या फ्रिजमध्ये,
लेमनच्या दोन क्रेटांच्या मधे, वर चिठ्ठी: पिऊ नये.
लाईट गेली की रत्नमाला
माठाखालच्या ओल्या वाळूत डबी पुरते
आणि वाळूवर हात ठेवून बसते.
बाटली हलवायची नाही,
तळहातांत फिरवायची, वाती वळतात तशी.
केशरी टोपीची सिरिंज नको, लाल टोपीची.
मेडिकलच्या पोराशी यावरून माझी दोनदा भांडणं.
आधी भाकरी-दूध नाही, तो आहार बंद.
उकडलेलं अंडं, थोडी डाळ, मोजून.
आधी खाणं, मग सुई.
सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा.

हे उलटं झालं एकदाच.
लग्नसराई. उद्याला अकरा ब्लाऊज.
सुई दिली आणि ताट तसंच राहिलं मशीनखाली,
त्यावर अस्तराचे तुकडे पडलेले.
रात्री दहाला तिचे पाय एकमेकांत अडकले,
मान हलायला लागली, माझ्याकडं बघेना.
महिनाभर जी गोडी उंबऱ्याबाहेर ठेवली
ती मीच बोटावर घेतली, गुळाचं पाणी,
हिरड्यांना चोळत राहिलो,
खालच्या ओठाच्या आत, परत परत.
रत्नमाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.
किती वेळानं माहीत नाही,
जिभेनं माझं बोट शोधलं.

निलंग्याच्या भाच्याच्या लग्नाला गेलो नाही.
कारण सांगितलं तर बहीण फोनवर गप्प झाली,
मग म्हणाली, अक्षदा पाठवून देते.

आता तिच्या डोळ्यांत दुधासारखं साचलंय.
खुर्चीला धडकते, खुर्चीचाच वास घेते, बाजूनं जाते.
पण कात्री ठेवल्याचा आवाज झाला की येते,
साडेसहाला पाच कमी असतील तरी.
मान माझ्या गुडघ्याला लावते.
मी दोन बोटांत चूण धरतो, ती जांभई देते.

मापाच्या वहीतच लिहून ठेवतो सगळं,
वेगळी वही कोण सांभाळणार.
छाती छत्तीस. कंबर तीस. बाही नऊ.
भिंगरी सकाळ सात, खाल्लं.
परवा शिकाऊ पोरानं, आमच्या अंबादासनं,
मुक्ताबाईंच्या ब्लाऊजची बाही सातची कापली.
मुक्ताबाई संतापल्या, वही ओढून वाचायला लागल्या,
पानभर वाचलं,
आणि बाही तशीच राहू दे म्हणाल्या,
उन्हाळा आहे.